बुबुळांचा जॉबर

खांद्यावरचा रुमाल काढून तो स्टुलावर फाडकन आपटायचा, असलेली-नसलेली धूळ उडवायचा आणि समोरच्या माणसाला म्हणायचा, “बस रे. डोया उघड. कोनी मरत नही.” दिवसभर तो फटका मी पडद्याआडून ऐकायचे आणि दर फटक्याला माझ्या डोक्यात तिडीक उठायची.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलोत बापडे ज्यांना बोलायचं ते. मला तो आवडत नव्हता आणि त्यालाही मी आवडत नव्हते, निदान त्याने तसं कधी दाखवलं नाही. तोंडावर मी त्याला ‘नाना’ म्हणायचे, अहो-जाहो करायचे, कारण वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता. इथे तेवढं सोंग मी करणार नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. आपण चुकतोय हे ज्याच्या गावीही नसतं आणि जो वरून आपल्यालाच शहाणपण शिकवतो, असा. तर तुम्हीच ठरवा.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. जळगावच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होते. तात्पुरती. दर सहा महिन्यांनी नोकरीत खंड, मग साहेबांच्या पाया पडल्यासारखं करून पुन्हा नवी ऑर्डर. पिंप्राळ्यात भावाकडे राहायचे. वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही, नोकरी कच्ची. वहिनी वाईट नव्हती हो, पण रोज सकाळी तिच्या ओट्यापाशी उभी राहून डबा भरताना माझा हात चोरट्यासारखा चालायचा. नोकरी पक्की झाली की एक खोली घ्यायची, स्वतःचा स्टोव्ह, स्वतःचं पातेलं, आणि हवं तेव्हा पिठलं टाकायचं. मला त्या दिवसांत दुसरं काहीही नको होतं.

तेवढ्यात ते यंत्र आलं. परदेशी कंपनीचा कॅमेरा आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. आपल्या डोळ्याच्या बाहुलीभोवती जे रंगीत कडं असतं ना, बुबुळ, त्याची नक्षी म्हणे प्रत्येकाची वेगळी. ती नक्षी बघून यंत्र माणूस ओळखतं. आपल्याकडच्या उन्हात, धुळीत, आपल्या माणसांवर हे चालतं का, ते कंपनीला तपासायचं होतं. शे-दीडशे माणसं हवी होती, राजीखुशीने येणारी. पहिल्यांदा येऊन डोळ्याची नोंद करायची, मग काही आठवड्यांनी पुन्हा येऊन त्याच यंत्रापुढे बसायचं. यंत्राने ओळखलं तर पडद्यावर हिरवा चौकोन, नाही ओळखलं तर लाल. शेवटपर्यंत येणाऱ्याला स्टीलचा हंडा.

आमचे सर मला म्हणाले, “चाचणी नीट पार पडली तर कंपनी आपल्याला प्रयोगशाळा देणार आहे. आणि प्रयोगशाळा आली की तुमची ऑर्डर पक्की, हा माझा शब्द.” झालं! त्या दिवसापासून तो हिरवा चौकोन माझं कुलदैवत.

माणसं आणायची कोणी, हा प्रश्न होता. कॉलेजची पोरं दोन दिवस आली आणि पांगली. मग सरांना कुणीतरी याचं नाव सांगितलं. हा मूळचा शिंदखेड्याकडचा, धुळ्याच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होता. गिरणीत मागाला साचा म्हणत, आणि कुठल्या साच्यावर कोण उभा राहणार हे जॉबर ठरवायचा. गिरणी बंद पडली तेव्हा हा पिंप्राळ्यात पुतण्याकडे आला आणि जिनिंगला, केळीच्या गाड्या भरायला माणसं पुरवू लागला. त्याच्या एका हाकेवर वीस माणसं उभी राहत, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही.

पहिल्या दिवशी आल्या आल्या त्याने विचारलं, “साचा कोठे शे?”

“साचा नाही नाना, कॅमेरा आहे.”

“तेच ते. मानूस कोठे बसाडानं?”

मी स्टूल दाखवलं. पुढे लोखंडी पट्टीवर हनुवटी टेकायची, समोर काच. सरांनी खोलीच्या मधोमध काळा पडदा लावून घेतला होता. पलीकडे माणूस, अलीकडे मी आणि कॉम्प्युटर. तपासणाऱ्याने माणसाचा चेहरा बघायचा नाही, म्हणजे मन कुणीकडे झुकत नाही, असा कंपनीचा नियम. पलीकडून तो नाव पुकारणार, माणूस बसवणार. मी इकडे ते नाव दाबणार आणि पडद्यावरचा डोळा बघणार. महिनोन्‌महिने मी फक्त डोळे पाहिले. माणसं पाहिलीच नाहीत. एवढं ध्यानात ठेवा.

आमचं पहिलं भांडण पंख्यावरून झालं. एप्रिल महिना, जळगाव, आणि खोलीत एकच टेबलफॅन. तो त्याने पडद्यापलीकडे ओढला तो ओढलाच.

“नाना, पंखा इकडे लागतो. मशीन तापतं.”

“तापू दे. त्याले काय ताप येस का? आठे मानसं शेतस.”

“आणि मी कोण आहे?”

“तू माय पगारी शे. ह्या फुकट बसेल शेतस.”

आता बोला! मी ओढणीने वारा घेत बसायचे आणि पलीकडून पंख्याची घरघर ऐकायचे. पण सरांना त्याची तक्रार सांगायची सोय नव्हती. सरांच्या लेखी तो देवमाणूस. एकही माणूस चुकत नव्हता. नाव पुकारलं की रुमालाचा फटका, आणि माणूस हजर. “मन्हा खातामां खुर्ची कधी रिकामी राहत नही,” असं तो छाती काढून सांगायचा, आणि सर मान डोलवायचे.

माणसं मात्र तो सांभाळायचा, तेही सांगते. एक पिंजारी चाचा यायचे, गाद्या भरणारे. डोळ्यांत सुरमा. सुरम्याच्या काळ्या रेघेमुळे यंत्राला बुबुळाची कड कळेना. मी पडद्याआडून ओरडले, “पुसायला सांगा!” चाचा म्हणाले, “नाना, सुरमा निकाला तो घरवाली नहीं पहचानेगी, ये मशीन क्या पहचानेगी?” सगळे हसले. तो हसला नाही. मी पडद्याच्या फटीतून बघितलं, तर हा रुमालाचं टोक माठातल्या पाण्यात भिजवून चाचांच्या पापण्या पुसत होता, तान्ह्या पोराचं नाक पुसावं तसा. मग माझ्या दिशेने मान करून म्हणाला, “तू वरडू नको माय. मानूस बिचकस.” म्हणजे चूक पुन्हा माझीच.

पहिली फेरी छान झाली. दुसरी फेरी सुरू झाली आणि लाल चौकोन येऊ लागले.

सुरुवातीला अधूनमधून, मग दिवसाला चार-पाच. ज्या माणसाची नोंद स्वच्छ झालेली, तोच माणूस महिन्याने येतो आणि यंत्र म्हणतं, हा तो नव्हे. सरांची झोप उडाली. आधी म्हणाले, धूळ. मग खिडक्यांना ओली पोती लावली. मग म्हणाले, जिनिंगमध्ये कापसाच्या तंतूंनी डोळे सुजतात. मग दाराशी बादली आणि तांब्या ठेवला, प्रत्येकाने डोळे धुऊन यायचं. मी काच पुसून पुसून थकले. कॅमेरा एकदा वर, एकदा खाली. लाल चौकोन काही हटेनात. भारनियमनात लाइट गेली की तेवढाच मला विसावा. घरी डबा भरताना वहिनीने विचारलं, “काय गं, काही कळलं का पक्कं व्हायचं?” मी “होईल” म्हटलं आणि आमटी सांडली.

कंपनीचा माणूस पुढच्या सोमवारी येणार म्हणून कळलं. सर म्हणाले, “असंच राहिलं तर ते गाशा गुंडाळणार. म्हणतील, या माणसांवर हे यंत्र चालत नाही.”

त्याच गुरुवारी हिरामण नावाच्या केळीच्या हमालाला तिसऱ्यांदा लाल चौकोन आला. मी नियम-बियम बाजूला ठेवला, पडदा सारला आणि पलीकडे गेले. स्टुलावर एक तरणा माणूस हनुवटी टेकून बसलेला, डोळे फाडून.

मी म्हटलं, “हिरामणभाऊ, डोळ्याला काही लागलं होतं का मध्ये?”

तो म्हणाला, “मी हिरामण नही बाई. मी त्यान्हा धाकला भाऊ शे. हिरामण रावेरले गया, गाड्या भराले. नानानी सांगं, भाऊना नाववर तू बसी जाय.”

मला आधी कळेचना. मग कळलं. ओली पोती, बादल्या, माझी पुसपूस, सरांची उडालेली झोप, आणि ते यंत्र बिचारं पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं! हा तो नव्हे, हा तो नव्हे, असं ओरडून सांगत होतं. कारण तो नव्हताच!

“नाना!” मी किंचाळले. “तुम्ही बदली माणसं बसवता?”

“हां. मंग?” तो शांतपणे म्हणाला. “ज्याले काम लागनं, त्यान्हा भाऊ बसस. भाऊ नही तं साडू. खुर्ची रिकामी ठेवानी नही.”

“अहो, रिकामी ठेवायची होती! गैरहजर लिहिलं असतं मी. काही बिघडलं नसतं!”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला भूत लागलंय. “रिकामी खुर्ची चालस, अन मानूस बठेल चालत नही?”

गिरणीत साचा रिकामा राहिला की ज्याचा साचा त्याची जागा जायची. म्हणून जॉबर बदली लावायचा. मालकाला कापड हवं, कापडाला हात कुणाचे आहेत ते बघायला कुणाला वेळ होता? जन्मभर त्याने तेच केलं होतं, आणि त्यातच त्याची अब्रू होती. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळलं. पण म्हणून माझी नोकरी जाऊ देऊ का मी?

सर आले. ते शहाणे, दोन मिनिटांत त्यांना मार्ग दिसला. म्हणाले, “नाना, घाबरू नका. कुणाच्या जागी कोण बसला तेवढं सांगा. ते लाल चौकोन चुकीचे नाहीत, बरोबर आहेत, असं मी कंपनीला दाखवून देतो. उलट यंत्राची शानच वाढेल.”

“नावं मी सांगत नही,” तो म्हणाला.

“अहो, शिक्षा नाही कुणाला.”

“असं गिरणीना मॅनेजरबी म्हने. नावं मी सांगत नही.”

तासभर समजावलं. सरांनी हात जोडले, मीसुद्धा जोडले. मी सांगितलं, नाना, माझी नोकरी आहे हो यात, मी भावाच्या दारात पडून आहे. तो खाली बघत होता, रुमालाची घडी घालत, उलगडत. मान हलवत होता, नाही म्हणून. बाहेर व्हरांड्यात त्याची पंधरा-वीस माणसं ऐकत उभी होती. मग माझा तोल गेला.

“चोर आहात तुम्ही!” मी म्हटलं. “लबाड! फुकटचा मोठेपणा घेतलात आमच्या जिवावर. चोर!”

त्याने रुमाल खांद्यावर टाकला. बाहेर जाऊन एवढंच म्हणाला, “चला रे बठ्ठा.” आणि सगळे गेले. हिरामणचा भाऊसुद्धा. जाताना चाचांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी, शनिवारी मी पिंप्राळ्यात दारोदार फिरले. “दुसऱ्या फेरीला तुम्हीच आला होतात का?” जो तो म्हणे, “मीच व्हतू बाई.” घरात नसलेल्या नवऱ्याबद्दल बायकासुद्धा शपथेवर सांगत, तेच आले होते म्हणून. कुणी पाणी विचारलं नाही. चपला झिजल्या, हाती शून्य. रविवारी मी वहिनीला म्हटलं, सोमवारी बहुतेक सुटेल नोकरी. तिने माझ्या पानात न मागता जास्तीची पोळी वाढली.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. गोरटेला, मराठी न समजणारा, सारखा घड्याळ बघणारा. व्हरांड्यातली बाकडी रिकामी. सर रुमालाने मान पुसत इकडचं तिकडचं इंग्रजी बोलत होते. मी कॉम्प्युटर सुरू करून बसले, काहीतरी करायचं म्हणून.

अकराच्या सुमाराला फाटकाशी ट्रक थांबल्याचा आवाज आला. केळीचा ट्रक. मागचा फाळका पडला आणि त्यातून माणसं उतरू लागली. केळीच्या चिकाने काळे पडलेले सदरे, केसांत पाचोळा, दाढ्या वाढलेल्या. रावेरहून हिरामण आलेला. कोणी लग्नातून उठून आलेला, गालाला हळद तशीच. एक सुरतेहून रातोरात गाडीने आलेला. ज्यांच्या ज्यांच्या जागी बदल्या बसल्या होत्या, ते सगळे स्वतः. आणि बदली न बसलेलेही, सरमिसळ, म्हणजे कोण कोणत्यातला ते कुणाला कळू नये. कुणाचंही नाव न सांगता त्याने काम करून दाखवलं होतं.

तो स्वतः आत आला नाही. फाटकाबाहेर ट्रकच्या सावलीत पाठ करून उभा राहिला.

सरांनी कंपनीच्या माणसाला काय सांगितलं कुणास ठाऊक. पण मागची फेरी रद्द, आजची धरायची, हे ठरलं. चाचा नावं पुकारू लागले. एकेक जण बसला. हिरवा. हिरवा. हिरामण बसला, त्याच्या बुबुळाच्या डाव्या कडेला ठिपका होता, पहिल्या नोंदीत होता तसाच, आणि हिरवा चौकोन आला. मी पडद्याआड रडत होते, निर्लज्जासारखी, नाक ओढत, आणि बटणं दाबत होते.

एक नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. चाचांनी पुन्हा पुकारलं. मग हळू आवाजात म्हणाले, “बाई, वो गुजर गये. बैसाख में.” दुसऱ्या फेरीला त्या नावावर कुणीतरी बसला होता, लाल चौकोन आला होता, मला आठवलं. आज तिथे कुणाला बसवलं नव्हतं. कंपनीच्या माणसाने कागदावर गैरहजर लिहिलं आणि पुढचं नाव मागितलं.

पावसाळ्यात माझी ऑर्डर आली. पक्की. मी खोली घेतली, स्टोव्ह घेतला, पहिल्या रात्री पिठलं केलं आणि भाऊ-वहिनीला जेवायला बोलावलं. कॉलेजात हंडे वाटले. त्याच्यासाठी ठेवलेला हंडा तसाच पडून राहिला. तो शिंदखेड्याला मुलाकडे निघून गेला, असं चाचा म्हणाले.

एका रविवारी मी धुळ्याची एसटी धरली आणि तिथून शिंदखेडा गाठलं. माफी मागायला नाही हं! त्याने चूक केली होती आणि मी ती चूक बोलून दाखवली होती, मी आजही हेच म्हणेन. पेढे द्यायला गेले होते, आणि त्याचा हंडा.

तो अंगणात बाज विणत बसला होता. जन्म मागावर गेलेला, बोटं सुतळीवर कशी पळत होती! मी समोर उभी राहिले. “नाना, पक्की झाली ऑर्डर.”

त्याने मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून. मग म्हणाला, “तुम्ही कोन शेतस बाई?”

त्याची सून ओशाळली. “नाना, असं काय करतस? कॉलेजवाल्या बाई शेतस ना.”

“व्हतीन. मी वयखत नही. पाहुणी शे, चहा कर.”

मी चहा घेतला नाही. हंडा आणि पुडा बाजेवर ठेवला आणि तरातरा निघाले. सून गल्लीच्या तोंडापर्यंत धावत आली. म्हणाली, “राग नका धरू बाई. चाचानी चिठ्ठी येस ना, जबाबमां दरवेळी नाना इचाराले लावतस, पोरीनं काम पक्कं जयं का म्हनीसन.”

असा राग आला मला! मी उलट फिरले. अंगणात येऊन म्हटलं, “ओळखत नाही ना मला? मग चौकशा कशाला करता?”

त्याने सुतळी ताणली, गाठ मारली आणि वर न बघता म्हणाला, “नोकरीनं इचारेल व्हतं. तुन्हं नही.”

मी एसटी पकडली.

थंडीत तो गेला. मला उशिरा कळलं, दहावा होऊन गेल्यावर पोचले. अंगणात सून भेटली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती आपण होऊन म्हणाली की, मी गेले त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने पेढ्यांचा पुडा उचलला आणि सगळ्या गल्लीत स्वतः फिरून वाटला. ज्याच्या त्याच्या हातावर पेढा ठेवून सांगत होता, मन्ही एक पोर शे जळगावले, ती पक्की जयी.

मी ओढणी तोंडाला लावली. म्हटलं, “आणि स्वतः? स्वतः खाल्ला ना एखादा?”

ती म्हणाली, “नही बाई. मी दिन्हा व्हता हातमां. परत करी दिन्हा. म्हने, तिनी माले चोर म्हनेल शे.”